फोटो ‘शार्प नाही’ म्हणण्याआधी

वारीचे फोटो पुढे करून ‘कसे वाटले, खरं सांगा’ असं कुणी नवशिक्याने विचारलं की त्याला साधारण दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘कडक!’ आणि दुसरं ‘शार्प नाही, कॉम्पोझिशन जमलं नाही’. दुसरं उत्तर जाणकाराचं वाटतं, पण त्यानेही हाती काही लागत नाही. फोटो शार्प नाही हे काढणाऱ्यालाही दिसतंय. का नाही, ते त्याला कळत नाहीये आणि नेमकं तेच त्याने विचारलंय.

त्यामुळे पहिलं काम मूळ फाइल मागवण्याचं. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली एक्झिफ माहितीही, म्हणजे फोटो कोणत्या सेटिंगवर काढला त्याची नोंद, निघून जाते. तोच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. म्हणजे शटर, ॲपर्चर, आयएसओ, फोकल लेंग्थ सगळं दिसतं. मोबाइलच्या पडद्यावर, तेही ब्राइटनेस पूर्ण वाढवून, कुणाच्याही एक्सपोजरवर मत देऊ नये.

आता फोटो 100 टक्क्यांवर मोठा करून बघा. अस्पष्ट फोटोची कारणं वेगवेगळी असतात आणि त्यांच्या खुणाही वेगळ्या. फ्रेममधलं सगळंच, अगदी रस्त्यावरचे खडेसुद्धा, एकाच दिशेने फराटल्यासारखं दिसत असेल तर कॅमेरा हललाय. खडे स्वच्छ आहेत पण टाळ धरलेले हात पुसट आहेत, म्हणजे माणूस हललाय. चेहरा मऊ पण मागच्या पताकेचा काठ कातरल्यासारखा स्पष्ट असेल तर फोकस चुकीच्या जागी बसला. आणि कुठेच काही धारदार नाही, सगळ्यावर दुधाळ पडदा आहे, दिव्यांना लांब रेषा फुटल्यात, तर लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा आहे. मोबाइलच्या फोटोत हे सर्रास दिसतं. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काढलेल्या फोटोंवर असाच पडदा असतो, पण तो काचेवर धरलेल्या बाष्पाचा. कॅमेरा बॅगेतच राहू देऊन हळूहळू बाहेरच्या हवेला आणला की तो टळतो.

एवढं वेगळं काढलं की उपाय आपोआप वेगळे होतात. कॅमेरा हलला असेल तर शटर निदान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ इतकं हवं, 1.5 क्रॉपच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर फोकल लेंग्थ दीडपट धरायची, 200 मिमी लेन्स असेल तर 1/300 सेकंद. माणूस हलला असेल तर हा हिशेब कामाचा नाही. चालणाऱ्याला 1/250, पखवाजावरच्या हातांना 1/500, रिंगणातल्या घोड्याला 1/1000 किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, घोड्याला थांबवत नाही. हे वाक्य प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी सांगावंच लागतं.

एक्झिफ कसं वाचायचं त्याचं उदाहरण घ्या. संध्याकाळची वेळ, 105 मिमी, एफ/4, आयएसओ 400, शटर 1/40. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात, त्या भीतीने तो खाली धरला आणि शटर बुडालं. अशा वेळी ‘ट्रायपॉड घ्या’ हा सल्ला निरर्थक आहे, दिंडीत ट्रायपॉड कुठे लावणार? आयएसओ 3200 ठेवला असता तर तीन स्टॉप (तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट) मिळाले असते आणि त्याच उजेडात शटर 1/320 झालं असतं. दाणे थोडेफार कमी करता येतात, हललेला चेहरा सरळ करता येत नाही. म्हणून अभिप्राय असा द्यावा: ऑटो आयएसओ लावा, कमाल 6400, किमान शटर 1/250.

वारीच्या फोटोंमधला दुसरा घोळ पांढऱ्या रंगाचा. दिवे घाटात मागे हिरवा-काळा डोंगर असतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्याला भुलून एक्सपोजर वाढवतं आणि टोप्या, सदरे जळून नुसते पांढरे ठिपके उरतात. जेपेगमध्ये टोपीची घडी एकदा गेली की गेली. मग हायलाइट्सची पट्टी कितीही खाली ओढा, पांढऱ्याचा राखाडी होईल, घडी परत येणार नाही. पुढच्या वेळेसाठी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण केलेला बदल) -0.7 ते -1, फाइल जेपेगऐवजी रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, आणि टोपीखालच्या सावलीतला चेहरा नंतर एडिटिंगमध्ये हलका उजळायचा, इतकं सांगितलं तरी पुरतं.

जेजुरीच्या भंडाऱ्याचं प्रकरण याहून फसवं असतं. सोमवती अमावास्येच्या उधळणीत हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख, ठीकठाक दिसतो आणि तरी पिवळ्यात पोत उरत नाही, पोस्टर कलर ओतल्यासारखा सपाट डाग दिसतो. फोटो लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या चॅनलचा बनतो. पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा चॅनल वर, निळा तळाशी. एकत्रित आलेखात सरासरी बरी दिसते, पण लाल चॅनल एकटाच उजव्या भिंतीला धडकलेला असतो. म्हणून तिन्ही रंगांचे आलेख वेगळे उघडायला सांगा. सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) +40 वगैरे केलेलं असेल तर ते आधी शून्यावर आणून बघा. बऱ्याचदा अर्धा पोत तिथेच परत मिळतो. फोकसही इथे वेगळ्याच कारणाने चुकतो. ऑटोफोकस हवेतल्या भंडाऱ्यालाच पकडतो आणि मागचा माणूस निसटतो. एकच फोकस पॉइंट निवडून उधळण सुरू व्हायच्या आधी चेहऱ्यावर लॉक करून ठेवायचा, हा त्यावरचा तोडगा.

कॉम्पोझिशनबद्दल बोलताना ‘रूल ऑफ थर्ड्स पाळला नाही’, म्हणजे विषय मधोमध न ठेवता फ्रेमच्या एक तृतीयांशावर ठेवला नाही, हे कारण म्हणून देऊ नये. पखवाजवादक समोरून, बरोबर मधोमध घेतलेला फोटो उत्तम असू शकतो. त्याऐवजी फोटो अंगठ्याएवढा लहान करा आणि नजर आधी कुठे जाते ते सांगा. मग चारही कडांवरून नजर फिरवा: अर्धा कापलेला हात, कोपऱ्यात घुसलेली प्लॅस्टिकची बाटली, डोक्यातून उगवलेला खांब. क्रॉप सुचवायचा तर स्वतः करून दाखवा, तोंडी सांगितलेला क्रॉप प्रत्येकाला वेगळा दिसतो. मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये कडा तपासा. तुळशीची पानं आणि सुटे केस तो हमखास पार्श्वभूमीत ढकलून पुसट करतो.

डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या आजींच्या फोटोवर साधारण असं लिहिता येईल:

‘आजींची नजर थेट कॅमेऱ्यात आहे आणि फोकस डोळ्यांवर बसलाय, त्यामुळे फोटो धरून ठेवतो. मागचा विजेचा खांब मात्र वृंदावनातूनच वर आल्यासारखा दिसतो. एक पाऊल डावीकडे सरकलात की खांब आजींपासून सुटून डाव्या बाजूला जाईल. गुडघ्यावर बसलात तर वृंदावन गर्दीतून निघून आकाशावर येईल. आत्ताच्या फाइलमध्ये उजवी कड थोडी कापा, पाण्याचा टँकर बाहेर जाईल.’

चांगलं काय, तेही कारणासकट. मग एकच मोठी खोट, ती जागेवर कशी टळली असती आणि आता फाइलमध्ये काय करता येईल. फोटोत आठ चुका असल्या तरी आठ सांगू नका. ऐकणारा पहिल्या दोनच लक्षात ठेवतो, आणि त्या आपण निवडलेल्या असाव्यात. ‘तुम्हाला फोकस जमत नाही’ आणि ‘फोकस पताकेवर गेलाय’ यातला फरकही सांभाळा. आडवळणाने गोड बोलायचीही गरज नाही, जे चुकलंय ते चुकलंय म्हणावं.

तांत्रिक खोट काहीच सापडत नाही, तरी फोटो थंड वाटतो, असंही होतं. तेव्हा मत देण्याआधी त्याच जागी काढलेल्या आधीच्या-नंतरच्या पाच-सहा फ्रेम मागा. लोक बहुतेकदा सगळ्यात स्वच्छ फ्रेम निवडतात, आणि ज्यात आजी हसल्या किंवा शेजारच्या मुलीने वृंदावनाला हात लावला ती, किंचित वाकडी म्हणून, फोनमध्येच पडून राहते. वाकडेपणा दोन अंशांचा असेल तर तो एडिटिंगमध्ये मिनिटभरात सरळ होतो.