५२७ मिलिमीटर

तेव्हा माझं काम दोन गोष्टींचं होतं. जिवंत माणसांशी बोलायचं आणि मेलेले मासे मोजायचे. मासे कधी भांडले नाहीत.

वेंगुर्ल्यात वाढले, रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले आणि पुढे संसारामागे न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडला येऊन पडले. तिथे समुद्रातल्या हौशी मासेमारीच्या केंद्रीय पाहणीत हंगामी नोकरी मिळाली. महिन्याच्या सुरुवातीला जागा आणि तारखांची यादी यायची. त्या दिवशी त्या धक्क्यावर जाऊन उभं राहायचं. गरवून परत निघालेल्या माणसाला थांबवून विचारायचं की किती तास बसलात, काय धरायला आला होतात, काय मिळालं, किती परत सोडलं, गेल्या दोन महिन्यांत किती दिवस गेलात. मग परवानगी घेऊन मासा फळीवर ठेवायचा, लांबी मिलिमीटरमध्ये लिहायची, स्प्रिंगच्या काट्याला लावून वजन किलोत लिहायचं. शेवटी नाव आणि फोन नंबर विचारायचा, म्हणजे मी घरी बसून फॉर्म भरले नाहीत याची वरच्यांना खात्री करता येते. या शेवटच्या प्रश्नाला निम्मी माणसं पाठ फिरवत.

एक नियम पहिल्याच दिवशी पढवला होता. तुम्ही पोलीस नाही. मासा मापात, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान लांबीचा, आहे की नाही यावर चकार शब्द काढायचा नाही, आणि जे लिहाल ते कुणालाही सांगायचं नाही. कायद्यानेच ती माहिती गोपनीय आहे.

तो ऑगस्ट २०१० चा एक शनिवार होता. जागा शिनेकॉक खाडीवरचा जुना पाँक्वोग पूल. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्याची टोकं गरवणाऱ्यांसाठी ठेवली होती. तिथून जवळच समुद्राचं मुख आहे, तेही १९३८ च्या वादळाने एका दिवसात फोडलेलं. भरती लागली की मुखातून थंड पाणी आत येतं आणि त्याबरोबर फ्लूक येतात. फ्लूक म्हणजे आपल्या लेप्यासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला, पण अंगाने थोराड. गरीला माकुलाची लांब पट्टी लावून तळाशी ओढत राहायची. वास अगदी वेंगुर्ल्याच्या जेटीचा.

पण त्या उन्हाळ्यात पुलावर माशांपेक्षा परवान्याच्या गप्पा जास्त होत्या. १ ऑक्टोबर २००९ पासून न्यूयॉर्कने खाऱ्या पाण्यात गरवायलाही परवाना लावला होता. वर्षाला १० डॉलर. नदी-तळ्यांसाठी परवाना कैक वर्षांपासून होता, समुद्राला मात्र तोवर कुणी हात लावला नव्हता. मूळ वॉशिंग्टनात होतं. २००६ साली तज्ज्ञांच्या समितीने आमच्याच पाहणीची हजेरी घेतली होती, की ज्यांना मोजायचं त्यांची यादीच तुमच्याकडे नाही. पुढच्या जानेवारीत कायदा झाला. राज्यांनी हौशी मच्छीमारांची यादी द्यावी, नाहीतर लोकांनी केंद्राकडे नाव नोंदवावं. बहुतेक राज्यांनी विचार केला की यादी करायचीच तर चार पैसेही घेऊ. न्यूयॉर्कने तेच केलं, आणि त्याच सुमारास गोड्या पाण्याचा परवाना १९ वरून २९ डॉलरवर नेला. म्हणजे 'आज दहा, उद्या वीस' म्हणणाऱ्यांना पुरावा शोधायला लांब जावं लागलं नाही.

आमच्या पुलावर हे म्हणणाऱ्यांचा म्होरक्या होता एक म्हातारा. त्याला मी मनात 'खोत' म्हणायचे. सत्तरी ओलांडलेला, पांढरा कूलर आणि त्यावर बसायला घडी केलेला टॉवेल. बापजादे याच खाडीत शिंपल्या काढून जगलेले. दोन हंगाम झाले, मी जवळ गेले की तो हात वर करायचा आणि मी फॉर्मवर 'नकार'चा आकडा लिहायचे. पण बोलायला त्याला आवडायचं. फक्त उत्तरं द्यायची नव्हती.

"पोरी, १६८६," तो सांगायचा. "गव्हर्नर डाँगनने इंग्लंडच्या राजाच्या नावाने या गावाला पाणी लिहून दिलंय. तिकडे राजधानीत, आल्बनीत बसलेले कोण लागून गेले तिकीट फाडणारे?"

ही थाप नव्हती. आमचा पूल साउथॅम्प्टनच्या हद्दीत. तिथले ट्रस्टी आजही निवडून येतात आणि त्या सनदेच्या जोरावर खाडीचा कारभार बघतात. साउथॅम्प्टन, ईस्ट हॅम्प्टन, शेल्टर आयलंड आणि आणखी चार टाउन सनदा घेऊन राज्याविरुद्ध कोर्टात गेली होती. मी कोकणातली. तीनशे वर्षांपूर्वीची सनद काढून हक्क सांगणारा माणूस मला मुळीच विचित्र वाटला नाही. उलट घरच्यासारखा वाटला, म्हणून तर खोत. फक्त त्याच खाडीच्या काठी शिनेकॉक लोकांची वस्ती आहे, ते डाँगनच्या आणि राजाच्याही आधीपासून इथे मासे धरत होते, आणि वॉशिंग्टन त्यांना राष्ट्र म्हणून मान्यता देत होतं ते त्याच वर्षी. हे खोताला म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ओठांवर येऊन दोनदा परत गेलं.

त्या शनिवारी दहाच्या सुमारास क्वीन्सहून एक बांगलादेशी गृहस्थ आले. अधूनमधून यायचे. पहाटे निघून दोन तास गाडी हाकायची, पोर्गी (तिथली एक मासळी) धरायच्या, संध्याकाळी घरी मोहरीत रस्सा. मला 'दीदी' म्हणत, मी त्यांना 'दादा', आणि आमचं मोडक्या हिंदीत जमायचं. त्यांनी कौतुकाने पाकिटातून परवाना काढून दाखवला. लॅमिनेट केलेला.

खोताने तो लांबूनच पाहिला. "घेतलास? तुझ्यासारख्यांमुळेच त्यांचं फावतं."

दादांना इंग्रजी कमी येत असलं तरी सूर कळतो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्या बीचवर गाडी लावायला गावचं स्टिकर लागतं. मी गावचा नाही. या कागदाला १० डॉलर लागले, पण तो मला या राज्यात कुठेही गळ टाक म्हणतो. मला परवडला."

पुलावर तीन-चार जण हसले. खोत हसला नाही. मला मात्र हे फार पटलं, आणि आजही पटतं. समुद्र सगळ्यांना मोकळा हवा म्हणून कोर्टात जाणाऱ्या गावांनी त्याच समुद्राच्या वाळूवर परक्यांच्या गाड्या अडवून ठेवल्या होत्या. तरी पैशाबद्दल खोताचं भय खोटं नव्हतं. 'फक्त दहा' म्हणून सुरू झालेलं काहीही दहावर थांबत नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

दादा रॉड घेऊन पुढे गेले. खोत धुमसत बसला आणि थोड्या वेळाने त्यानेच मला हाक मारली. हे पहिल्यांदाच होत होतं.

"एक सांग. शेजारी न्यू जर्सीत १८ इंच, दिवसाला सहा मासे. आमच्याकडे २१ इंच, दोन मासे. तोच फ्लूक, तेच पाणी. ही मापं कोण ठरवतं?"

इथे मला गप्प बसवेना. मी त्याच्या शेजारी खाली बसले आणि सांगितलं. प्रत्येक राज्याचा वाटा १९९८ साली तिथल्या हौशी लोकांनी किती फ्लूक नेले या अंदाजावर ठरलाय. न्यू जर्सीला ३९ टक्के, न्यूयॉर्कला १७.६. वाट्यापेक्षा जास्त मासे गेले असा हिशेब निघाला की पुढच्या वर्षी माप वाढवतात.

"आणि हा अंदाज कुणी केला?"

"आम्हीच. धक्क्यावर असे फॉर्म भरून, आणि किनाऱ्याजवळच्या काउंटींत, म्हणजे जिल्ह्यांत, घरोघरी फोन लावून."

"मला कधी फोन नाही आला."

"यादी नव्हती ना. नंबर आंधळेपणाने फिरवायचे. दहा घरं लावली तर एखाद्या घरात गरवणारा निघाला तर निघाला. आणि घरात फोनच नसेल, नुसता मोबाइल असेल," मी दादांकडे बोट केलं, "तर तो माणूस त्यांच्या लेखी नाहीच."

तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी दोन वर्षं तुला नाही म्हणालो, ते सगळं…"

"नकार म्हणून लिहिलंय."

त्याने कूलर उघडला. "मोज."

बर्फावर एकच फ्लूक होता, तासाभरापूर्वीचा. कूलरच्या झाकणावर आतल्या बाजूने मार्करची एक रेघ होती, किती वर्षांची कोण जाणे. मासा त्या रेघेला ठेवूनच त्याने तो घेतला होता. मी फळी पुसली, मासा ठेवला, नाक टोकाला टेकवलं, शेपूट सरळ केली. ५२७. वजन दीड किलोच्या आसपास.

२१ इंच म्हणजे ५३३ मिलिमीटर. हे मला झोपेतही पाठ होतं.

"किती भरला?" त्याने विचारलं.

"पाचशे सत्तावीस."

"अगं, इंचात?"

आणि मी म्हणाले, "आम्ही मिलिमीटरमध्येच लिहितो." हसून म्हणाले. त्यानेही मान हलवली, सरकारी लोकांचं असंच, अशी. मासा परत बर्फावर गेला. बाकीची उत्तरं त्याने भराभरा दिली, फोन नंबरही दिला. दोन वर्षांत न मिळालेला फॉर्म मिळाला म्हणून मी खुशीत होते, हे कबूल करते.

मी दादांच्या पोर्गी मोजायला बसले तेवढ्यात हिरव्या गणवेशातला राज्याचा अधिकारी पुलावर आला. महिन्यातून एखादी फेरी असायचीच. बादल्या बघत बघत तो खोतापाशी पोचला. परवान्याचा विषय त्याने काढला नाही, दावा चालू होता. कूलर उघडायला सांगितलं. त्याच्या पट्टीवर मासा पावणेएकवीस भरला.

खोताने आधी वाद घातला. झाकणावरची रेघ दाखवली. मग एकदम माझ्याकडे वळला. "हिने आत्ताच मोजलाय! सरकारचीच आहे ती. विचारा हिला."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पुलावरच्या सगळ्यांनीच पाहिलं. मी उभी राहिले, क्लिपबोर्ड छातीशी धरला आणि पढवलेलं वाक्य म्हटलं, की आमची माहिती गोपनीय असते, मला सांगता येत नाही.

अधिकाऱ्याला नियम ठाऊक होता, त्याने मान डोलावली आणि दंडाची पावती लिहायला घेतली. खोत मात्र माझ्याकडेच बघत होता. मी मोठ्याने 'एकवीस' म्हटलं नाही, यातून त्याला जे कळायचं ते कळलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

नियमाने मी बरोबर होते. संध्याकाळी पर्यवेक्षकाला फोन केला तर तोही म्हणाला, अगदी बरोबर वागलीस. आणि मासा तर कधीच मेला होता, मी इंच सांगितले असते तरी तो जिवंत होऊन पाण्यात गेला नसता. हे मी त्या रात्री स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण त्याने मला साधा प्रश्न विचारला होता आणि मी एककाच्या आड लपले होते. नियमात 'मापात आहे की नाही ते बोलू नका' असं होतं. पंचवीस पूर्णांक चारने भागून दाखवू नका असं कुठेच नव्हतं. त्याला तो मासा पाण्यात टाकायचा की पुढ्यात ठेवून पावती घ्यायची, हे ठरवायला मिळालं असतं.

जाताना दादांनी त्यांच्या पिशवीतल्या दोन पोर्गी खोताच्या कूलरवर ठेवल्या. तो काही बोलला नाही. पण परतही दिल्या नाहीत.

त्यापुढचं सगळं वर्तमानपत्रांत आलं. डिसेंबरात सफोक काउंटीच्या न्यायालयाने सात टाउनांच्या बाजूने कौल दिला. जानेवारीत नवा राज्य-सिनेटर ली झेल्डिन परवाना रद्द करा म्हणून पुढे झाला, आणि मार्चअखेर गव्हर्नर कुओमो यांच्या अर्थसंकल्पातच परवान्याचं विसर्जन झालं. त्याच्या जागी फुकट नोंदणी आली. तिकडे जर्सीनेही फुकटचीच वाट धरली होती. आमच्या कचेरीत हळहळ झाली ती पैशासाठी नव्हे, निदान फक्त पैशासाठी नव्हे. गळ-रॉड आणि बोटीच्या पेट्रोलवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांना वाटताना पैसे मोजून परवाना घेतलेली डोकी धरतात. फुकट नोंदवलेली धरत नाहीत. मला वैयक्तिक विचाराल तर यादी महत्त्वाची होती आणि ती राहिली. १० डॉलरसाठी राज्याने एवढा विश्वास जाळायला नको होता. पण विश्वास जाळण्याबद्दल मी कोणत्या तोंडाने बोलणार?

पुढच्या जूनमध्ये यादीत पुन्हा पाँक्वोग आला. खोत तिथेच, त्याच टॉवेलवर. मी लांबूनच नमस्कारासारखा हात केला आणि पुढे जाऊ लागले.

"ए पोरी."

थांबले.

"यंदाचं माप बघितलंस ना? साडेवीस इंच. तीन मासे."

"हो."

"माझा गेल्या वर्षीचा पावणेएकवीस होता."

मी काहीच बोलले नाही. त्याने कूलर उघडला. आत बर्फावर एक बऱ्यापैकी फ्लूक होता, आणि झाकणावरची जुनी रेघ खरवडून तिथे लाकडी फूटपट्टीचा तुकडा स्क्रूने घट्ट बसवला होता. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर.

"मोजायचंय तर याच्यावर मोज," तो म्हणाला. "आणि मोठ्याने वाच."