तुम्ही विचारलंत म्हणून: लिबी रिडल्सच्या रात्रीला स्मोक्ड पोर्टरच का?

अलास्कन स्मोक्ड पोर्टर या गडद, धुरकट बिअरची बाटली उघडली की मी इडिटारॉडमधली, म्हणजे अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांच्या लांब शर्यतीतली, लिबी रिडल्सची गोष्ट का सांगतो, हे इतक्या जणांनी विचारलंय की आता लिहूनच टाकतो. जाणकारांचा सवाल असतो, 1925 सोडून 1985 का? बाकीच्यांचा त्याहून तिखट: कुत्री दमवणाऱ्या शर्यतीवर कसली बिअर पिता?

1925 मला प्रिय आहे. घटसर्पावरचं सीरम 20 जणांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून आळीपाळीने अलास्कातल्या नोम गावाला पोचवलं. पुतळा बाल्टो या कुत्र्याचा झाला आणि सगळ्यांत लांबचा टप्पा ओढणारा टोगो हा कुत्रा मागे राहिला, याचा मला आजही राग येतो. पण ती शर्यत नव्हती. 1978 ची इडिटारॉड डिक मॅकी एका सेकंदाने जिंकला. ती गोष्ट एका घोटात संपते.

1985 ची संपत नाही. वाटेतल्या शाक्टूलिक गावापासून कोयुक गावापर्यंत म्हणजे नॉर्टन साउंडचा गोठलेला समुद्र, आडोसा कसला तो नाही. लिबी शाक्टूलिकला सगळ्यांच्या आधी पोचली होती आणि वादळ सुरू झालं होतं. मागून आलेल्यांनी गावातच थांबायचं ठरवलं. ती निघाली. बर्फात रोवलेली खुणेची एक काठी दिसली की तिथवर जायचं, मग पुढची शोधायची. अंधारात पुढची काठी दिसेना, तेव्हा तिने तिथेच मुक्काम केला. कुत्री अंगाची वेटोळी करून बर्फात झोपली, ती स्लेजच्या कापडी पिशवीत शिरली. ॲक्सल आणि डुगन हे गाडीला सगळ्यांत पुढे जुंपलेले तिचे म्होरके कुत्रे. सकाळी वारा तसाच होता, तरी ते दोघे पुढे चालले. ती कोयुकला पोचली आणि नोमला पहिली आली. ही शर्यत जिंकणारी ती पहिली बाई.

आता बिअर. ती अलास्कातल्या जुनो शहराची, आणि पहिल्यांदा निघाली 1988 मध्ये, म्हणजे या शर्यतीशी तिचं नातं मीच जोडलंय, हे कबूल. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आल्डर झाडाच्या लाकडाच्या धुरावर धरतात. थंडगार ओतली तर पहिल्या वासालाच सुका मासा आठवतो आणि पाहुणे ग्लास खाली ठेवतात. थोडी कोमट होऊ दिली की धूर मागे सरतो आणि भाजलेल्या माल्टची कडवट चव पुढे येते. तेवढ्या वेळात ती रात्र नीट सांगून होते. घाईने प्यायची बिअर मला या गोष्टीसाठी नकोच होती.

पूर्वी मी ते निव्वळ धाडस म्हणून सांगायचो. मग वाटायला लागलं की कुत्री हरवली असती तर त्यालाच आपण बेफिकिरी म्हटलं असतं. कुत्र्यांच्या उत्तम निगेबद्दलचा पुरस्कारही त्या वर्षी तिलाच मिळाला, हे मी लगेच पुढे करतो. पण त्याच शर्यतीत दुसरी स्पर्धक सुझन बुचर हिच्या गाडीवर मूस, म्हणजे प्रचंड मोठं हरीण, चालून आला, दोन कुत्री मेली आणि तिला माघार घ्यावी लागली. तिच्या निगेत काय कमी होतं? काहीच नाही. शर्यतीत कुत्री मरतात, याला माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांना ही शर्यतच नको, त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही आणि लिबीची रात्र सांगणं सोडूही शकत नाही. बुचरच्या प्रसंगाला कोणती बिअर, असंही कुणीतरी विचारलं होतं. त्याला मी बिअर जोडणार नाही.