डाळ शिजवणारं पाणी

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे ऐन खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी मचूळ. तुरीची डाळ त्यात तास-तास ठेवली तरी दाणा काही फुटत नाही. आता शहानूर धरणाचं पाणी नळाला येतं, तरी कुठं गेलो की तिथलं पाणी आधी चाखून पाहायची खोड आम्हा लोकांची जात नाही.

चिखलदरा तालुक्यात एका कोरकू गावात माझा दोस्त आहे, बैलबाजारातली ओळख. भर मे महिन्यात त्याच्याकडं गेलो तर तो थेट झऱ्यावरच घेऊन गेला. कड्याखाली जुना उंबर. त्याच्या मुळाशी काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये बोटभर जाडीची लाल मातीची पट्टी, आणि तिच्यावरून पाणी सुटलेलं. धारेला वळण द्यायला पळसाचं पान खोचलेलं, बस. सातपुड्याचा हा भाग लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला. वरचा दगड भेगाळून, कुजून मुरूम झालाय. पावसाचं पाणी त्यात मुरतं, खाली चिकण थराशी अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या तोंडाशी निघतं. मी ओंजळीनं प्यालो ते मागच्या पावसाळ्यातलं होतं!

राहवलं नाही, बादली लावली. 15 लिटरची बादली 50 सेकंदांत भरली. म्हणजे दिवसाला जवळपास 26 हजार लिटर, तेही मोटर न लावता.

थोडं खाली सिमेंटची टाकी आहे, कोरडीठाक. कुठल्याशा योजनेत बांधली, तेव्हा गवंड्यानं झऱ्याचं एक तोंडच लिंपून टाकलं. "तोंड मोकळं ठेवा लागते भाऊ, नाही तं ते दुसरीकून निंगते," दोस्त म्हणाला. निघालंही तसंच, पार वाटेवर. आता तिथं गुरं पाय रोवून चिखल करतात आणि बाया हंडे घेऊन वर चढतात. वर, जिथं पावसाचं पाणी मुरतं तिथं, चराई बंद ठेवायचं मात्र गावानं स्वतःच ठरवलंय. मला टाकीपेक्षा ते शहाणपणाचं वाटलं.

हा ओहळ उत्तरेला उतरून सिपना नदीला मिळतो आणि तिच्यातून तापीत जातो. त्याच डोंगराच्या दक्षिण उतारावरचं पाणी आमच्या चंद्रभागेत येतं (पंढरपूरची नव्हे, दर्यापूरची), तिथून पूर्णेत, आणि पूर्णा चांगदेवला तापीतच शिरते. हे मी दोस्ताला काडीनं मातीत रेघा ओढून दाखवलं.

तो म्हणाला, "मंग एवढा फेरा कायले घेते ते?"