केमिस्ट्री राहून गेली होती

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी कौन्सेलर आहे. मुलं पहिली दोन वर्षं इथं कमी खर्चात शिकतात आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जातात. कुठला कोर्स कधी घ्यायचा, ते मी जुळवून देते. सप्टेंबरात दाराशी रांग असते, कारण युसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सहा कॅम्पसमध्ये हमीच्या प्रवेशाचा अर्ज याच महिन्यात भरावा लागतो.

त्या दिवशी आलेला मुलगा सांता क्रूझच्या डोंगरातला. त्याला युसीच्या सांता बार्बरा कॅम्पसला एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज करायचं होतं. १९६९च्या तेलगळतीनंतर तिथं १९७० साली हा अभ्यासक्रम सुरू झाला, हेही तो वाचून आला होता. मार्क उत्तम. इतिहास, समाजशास्त्र, इंग्रजीचे दोन्ही कोर्स झालेले. पण केमिस्ट्री एकही नाही, गणित स्टॅटिस्टिक्सपाशी थांबलेलं. "जीई आधी उरकून टाक," म्हणजे सगळ्यांना सक्तीचे असलेले सामान्य विषय आधी संपव, असं कुणीतरी सांगितलं होतं आणि त्यानं ते इमानदारीत पाळलं होतं.

सायन्सकडे जाणाऱ्या मुलांचं या सल्ल्यानं फार नुकसान होतं. इतिहास कुठल्याही सेमिस्टरला घेता येतो. केमिस्ट्रीचा दुसरा भाग पहिला झाल्याशिवाय मिळत नाही, कॅल्क्युलसच्या आधी प्रीकॅल्क्युलस लागतं. मूल कितीही हुशार असो, सेमिस्टर एकामागून एकच येणार.

"बीए की बीएस?" मी विचारलं. बीएस म्हणजे आपली बीएस्सी.

"जे लवकर होईल ते."

बीए करायचं तर तो पुढच्याच वर्षी जाऊ शकत होता. अर्ज उघडता उघडता मी सहज विचारलं, हाच विषय का?

२०२०च्या ऑगस्टमध्ये विजा पडून त्या डोंगरात वणवा पेटला, ८६ हजार एकरांहून जास्त जळालं. पाण्याचे प्लास्टिकचे पाइप वितळले आणि काही भागांत नळाच्या पाण्यात बेन्झिन हे विषारी रसायन सापडलं. "नोटीस आली, पाणी पिऊ नका, उकळूनही नको," तो म्हणाला. "उकळून का चालत नाही, ते मला कुणी सांगितलंच नाही. मला पाणी तपासायचंय."

बेन्झिन वाफेबरोबर घरातल्या हवेत जातं, म्हणून. पण हे काम करायचं तर केमिस्ट्रीला पर्याय नाही. मी अर्ज बंद केला.

असिस्ट या वेबसाइटवर इथला कुठला कोर्स विद्यापीठात कशासाठी धरतात ते कळतं. तिथं आमचं कॉलेज आणि सांता बार्बरा समोरासमोर लावून मी कोऱ्या कागदावर शेवटापासून मागं लिहीत आले. सांता बार्बराला क्वार्टर, म्हणजे वर्षाची तीन सत्रं, इथं सेमिस्टर, म्हणजे दोन; मालिका अर्धी सोडून गेलं की कोर्स जुळत नाहीत, म्हणून केमिस्ट्रीचे दोन्ही भाग इथंच. कॅल्क्युलसही इथंच, त्याआधी प्रीकॅल्क्युलस. एक वर्ष वाढत होतं.

तो बराच वेळ कागद बघत बसला. रात्री गोदामात काम करून घरभाड्याला हातभार लावणारा मुलगा. त्याच्यासाठी वर्ष म्हणजे काय, ते मला दिसत होतं. ७० युनिटांच्या, म्हणजे क्रेडिटच्या, पुढं गेलं तर प्रवेश नाकारतात का, हे त्यानं विचारलं. सगळे कम्युनिटी कॉलेजचेच युनिट असतील तर नाकारत नाहीत. मग बाहेर जाऊन त्यानं आईला फोन केला.

प्रीकॅल्क्युलसचा उशिरा सुरू होणारा एक वर्ग अजून भरला नव्हता. परत आल्यावर त्यानं माझ्यासमोरच त्यात नाव घातलं.