जांघेत आणि लिंगाच्या त्वचेला घासून आग होते तेव्हा: माझा अनुभव

आग सुरू झाली की हात आधी साबणाकडे जातो आणि मग घरात पडलेल्या एखाद्या ट्यूबकडे. हे दोन्ही थांबवायचं, ही माझी पहिली पायरी. घासून लाल झालेल्या त्वचेचा वरचा थर गेलेला असतो. साबण तिचं उरलंसुरलं तेलही काढून घेतो आणि जंतुनाशक द्रव त्या कच्च्या जागेला पोळून काढतो. जितकं धुवावं तितकं चरचरतं, आणि चरचरतंय म्हणून माणूस आणखी धुतो.

त्यानंतर आरसा धरून, चांगल्या उजेडात नेमकं कुठे लाल झालंय ते बघतो. जागेवरून निम्मं कारण कळतं. मांड्यांच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे सारखाच पट्टा असेल, तर मांड्या एकमेकींवर घासल्यात. एकाच बाजूला बारीक, सरळ रेघ असेल तर चड्डीची शिवण किंवा इलास्टिक उलटं करून बघावं, ते बरोबर तिथेच टेकत असतं. अंडकोषाची पिशवी मांडीला चिकटते तिथे लाली असेल तर घाम. लिंगाच्या दांड्यावर किंवा शिश्नाग्राच्या कडेला सोलवटलं असेल तर कोरड्या संभोगाचं किंवा कोरड्या हस्तमैथुनाचं घर्षण. आणि कंडोम जिथवर होता तिथवर सगळीकडे सारखी लाली आणि खाज असेल, तर ते घासणं नसून लॅटेक्सची किंवा त्यावरच्या वंगणाची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे लॅटेक्सविरहित कंडोम वापरून बघावा.

घामाबद्दल एक गैरसमज आहे की ओलाव्यामुळे त्वचा सटकते, म्हणजे कमी घासते. होतं उलटं. दमट त्वचा कोरड्या त्वचेपेक्षा जास्त चिकटते, घामाने फुगून मऊ पडते आणि लवकर सोलवटते. घाम वाळला की मिठाचे कण मागे राहतात, ते वेगळेच. म्हणून लांब चालणं, धावणं किंवा सायकल झाली की घामेजलेले कपडे आधी उतरवायचे, बाकी सगळं नंतर.

आता प्रत्यक्ष काळजी. कोमट पाणी नुसतं ओतायचं, चोळायचं नाही. मऊ सुती कापड दाबून टिपायचं. मग दहा मिनिटं उघडं ठेवायचं; घाई होते ती नेमकी इथे. आत ओल राहिली आणि वरून पेट्रोलियम जेली लागली, तर ती ओल कोंडली जाते आणि सकाळी त्वचा पांढरट, गिजगिजीत झालेली दिसते. पूर्ण कोरडं झाल्यावर एका बाजूला वाटाण्याएवढी जेली पुरते, दिसेल न दिसेल असा थर. घडीतली जागा पाझरत असेल तर जेलीऐवजी झिंक ऑक्साइडचं मलम बरं. फार आग असेल तर गार पाण्यात भिजवून पिळलेलं कापड दहा मिनिटं ठेवावं. बर्फ थेट लावू नये. रात्री सैल सुती कपडा, आत चड्डी नको.

पावडरचं मला कधीच पटलेलं नाही. कोरड्या, धडधाकट त्वचेवर ठीक आहे. ओल्या जागी तिच्या गोळ्या होतात आणि त्याच मग वाळूसारख्या घासतात.

पुढची कातडी असेल तर ती हळूच मागे घेऊन फक्त पाण्याने धुवायची, टिपायची आणि लगेच पुन्हा पुढे आणायची. हे शेवटचं विसरू नये. मागे राहिलेली कातडी सुजते, शिश्नाग्र आवळून धरते आणि मग पुढे येत नाही. तसं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. आणि जी कातडी मुळातच मागे जात नाही, तिच्यावर जोर करायचा नाही.

संभोग किंवा हस्तमैथुनामुळे सोलवटलं असेल तर औषध म्हणजे विश्रांती. बहुतेक वेळा तीन ते सात दिवसांत भरून येतं, पण कॅलेंडर बघून ठरवू नये. नुसतं बोट फिरवून जराही चुरचुरत नाही, तेव्हाच सुरुवात करावी. शिश्नाग्राच्या खालच्या बाजूची कातडीची बारीक पट्टी चिरली असेल तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं दाबून धरावं, रक्त सहसा थांबतं. ती भरण्याआधी पुन्हा ताणली तर त्याच जागी फाटते आणि प्रत्येक खेपेला आणखी कडक होते. जोरकस घर्षणानंतर शिश्नाग्रामागे दोरीसारखी कडक, फारशी न दुखणारी गाठ दिसते कधी कधी. ती सहसा काही आठवड्यांत विरते, तोवर संभोग टाळायचा. निदान मात्र डॉक्टरकडून करून घ्यावं.

वंगणाचं गणित सोपं आहे. थुंकी मिनिटभरात वाळते. साबण आणि शॅम्पू तर वंगण म्हणून वापरूच नयेत, सोलवटलेल्या शिश्नाग्रामागे ते बऱ्याचदा सापडतात. तेल आणि पेट्रोलियम जेली लॅटेक्सला कमजोर करतात, कंडोम फाटतो. पाण्याचं वंगण चालतं, मात्र ते मधे पुन्हा लावावं लागतं. सिलिकॉनचं जास्त वेळ टिकतं.

केस मुळापासून काढू नयेत. ते दोन त्वचांच्या मधे राहून घर्षण कमी करतात, आणि वस्तरा फिरवल्यावर उगवणारे खुंट टोचतात. हवं तर कात्रीने आखूड करावेत. चड्डी मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, अंगाबरोबर बसणारी आणि आतून शिवण नसलेली असावी. धुताना डिटर्जंट कमी, एक खळबळणी जास्त. कपडे मऊ करणारा सुगंधी द्रव अजिबात नको.

एवढं करूनही आठवडाभरात उतार पडला नाही, तर ते नुसतं घासणं राहिलेलं नाही. कड उंचावलेला, मधे निवळत बाहेर पसरणारा, खाजरा चट्टा म्हणजे गजकर्ण. ते बहुधा अंडकोषाच्या पिशवीला सोडून मांडीवर सरकतं. पिशवीही लाल आणि भोवती सुटे सुटे ठिपके असतील तर कॅन्डिडा बुरशीचा संशय. शिश्नाग्रावर अशी बुरशी वारंवार येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यांच्यामुळेही हे होतं. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक एकत्र असलेलं तिहेरी मलम इथे सर्वांत घातक. अंडकोषाची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा सुमारे 40 पट स्टिरॉइड शोषते. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत वाढत राहते, आणि त्वचा पातळ होऊन जांघेत कायमचे पट्टे उमटतात.

न दुखणारा व्रण, पाण्याच्या फोडांचा पुंजका, लघवीच्या वाटेने पू, पांढरी पडून आवळत चाललेली कातडी, किंवा दोन आठवडे न भरणारी जखम असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. ताप, झपाट्याने पसरणारी सूज आणि दिसतं त्याहून कितीतरी जास्त दुखणं असेल तर त्याच तासाला इस्पितळ. एरवी जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात. बुरशी बघण्यासाठी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. आधीच बुरशीनाशक फासलेलं असेल तर ती असूनही दिसत नाही, म्हणून भेटीची वेळ ठरली की मलम लावणं चालू ठेवायचं का, हे आधी फोनवर विचारून घ्यावं.