बाबांचं मृत्युपत्र आणि भावकीचे सातबारे

शेवटी परवा बाबांच्या मृत्युपत्रावर सह्या झाल्या एकदाच्या. इतके दिवस विषय काढला की आई म्हणायची, तिन्हीसांजेला असलं अभद्र काय बोलताय, आणि बाबा पेपरात तोंड घालायचे. या वेळी तेच म्हणाले, डोकं ठिकाणावर आहे तोवर उरकू, माझ्या माघारी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसाल.

तसा कागद साधाच. स्टॅम्पपेपर लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनीही केली की झालं, रजिस्टर करायची सक्ती नाही पण आम्ही करणार, कारण नंतर सही खोटी म्हणणारे उगवतातच. बँकेत नॉमिनी लावलाय म्हणजे सगळं झालं असं आईला वाटत होतं, तिला समजावलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

अडलं ते गावच्या जमिनीवर. साताऱ्यातला फ्लॅट बाबांच्या स्वकमाईचा, तो हवा त्याला लिहून देतील, पण वडिलोपार्जितमध्ये फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहिता येतं. त्यात आत्यांचेही वाटे आहेत. काका म्हणतात, हक्कसोड करून घेऊ, म्हणजे वाटा सोडल्याच्या कागदावर आत्यांची सही, त्यांना कुठे हवंय! हे 'कुठे हवंय' मला फार खटकतं. विचारलं का कुणी? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून हक्क दिला, 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की त्या दुरुस्तीच्या वेळी बाप हयात नसला तरी हक्क जात नाही, आणि आपण अजून राखीला साडी देऊन सही मागतोय. मोठी आत्या सोडेलही वाटा, पण काय सोडतेय ते तरी कळू दे तिला.

आज गावी गेलो तर भावकीत घरोघर हीच गत. सातबारा मेलेल्या माणसांच्या नावावर, त्यावरच्या 'इतर हक्क' रकान्यात शेती सोसायटीच्या कर्जाचा बोजा तसाच, कर्ज फिटून जमाना झाला तरी. बाबा आणि त्यांचे रिटायर्ड मास्तर मित्र रविवारी देवळाच्या सभामंडपात बसून लोकांचे वारस नोंदीचे अर्ज भरून देतात, मला लॅपटॉपवर बसवलं. एक काकू आल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून पीककर्ज मिळत नाही. वहीच्या पानावर वंशावळ काढायला घेतली तर त्यांनी दोन मुलगे सांगितले आणि थांबल्या. मुली? "त्या काय, दिल्या घरी सुखी हायत." म्हटलं काकू, वारस म्हणजे सगळे वारस, नाव गाळलं तर उद्या तुमचाच अर्ज लटकेल. मग तिघींची नावं सांगितली, धाकटीचं सांगताना जरा हसल्या. बाजूला दीर बसलेले, त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

अर्ज गेलाय. आता नोटिसा निघतील, पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, मंजूर करतील. दीर हरकत घेणार असं मला वाटतं, बाबा म्हणतात घेऊ देत, कागद पक्के आहेत.

उद्या आत्यांना फोन करायचाय, काकांच्या आधी.