बेसा ते मौदा: बेडकांच्या आवाजामागं एक रात्र

पहिला दणकून पाऊस झाला की बेडूक ऐकायला बाहेर पडायचं हे आमचं ठरलेलं असतं. यंदा म्हटलं नागपूरच्या कडेच्या बेसा-बेलतरोडीपासून सुरू करू आणि थेट मौद्याकडं मामांच्या शेतापर्यंत जाऊ, मधे जिथं पाणी साचलेलं दिसेल तिथं थांबायचं. मामेभाऊ गाडी चालवणार, मी टॉर्च आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग सांभाळणार.

बेसाकडं मी लहानपणी आले तेव्हा कापूस-तुरीची शेतंच शेतं होती, आता लेआऊटला लागून लेआऊट. काळी माती मुरमाखाली गेली, त्यावर सिमेंट रोड, अंगणात सिमेंटचे गट्टू. एका रिकाम्या प्लॉटमधे गुडघाभर पाणी होतं तिथं थांबलो. पाण्यावरून टप्पे घेत पळणारा स्किटरिंग फ्रॉग होता, त्याला गढूळ, घाण कसंही पाणी चालतं. स्ट्रीटलाईटखाली किडे खायला बसलेले खरबरीत कातडीचे भेक (टोड) होते, आणि रोडवर गाड्यांखाली चिरडलेलेही तेच, इतके की भावाला गाडी कुठून काढू कळेना. बाकी काहीच नाही. आवाज भरपूर, पण सगळा एकदोघांचाच, आणि मला वाटतं इथंच आपली फसगत होते, बेडूक ओरडतायत म्हणजे सगळं ठीक आहे असं आपण धरून चालतो.

जे ऐकू आले नाहीत त्यांची गोष्ट वेगळी आहे. मातीत खड्डा करून राहणारे गोलमटोल बेडूक वर्षातला बहुतेक काळ जमिनीखाली काढतात आणि पहिल्या पावसाला वर येऊन साचलेल्या पाण्यात अंडी घालतात. त्यांना भुसभुशीत माती पाहिजे आणि तिच्याजवळच उथळ पाणी पाहिजे, यातली एक गोष्ट गेली तरी दुसरीचा उपयोग नाही. तलाव राखला, पण भोवती भिंत आणि जॉगिंग ट्रॅक करून टाकला तर या बेडकानं उरलेलं वर्ष काढायचं कुठं? शिवाय बेडकाच्या अंड्याला कवच नसतं आणि कातडीतून पाणी-हवा आरपार जाते, म्हणजे शेतातलं फवारणीचं औषध असो की नालीतलं साबणाचं पाणी, सगळं सरळ अंगात.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन लोकांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा पाणी मुरायला जागाच उरली नाही यावर अख्खं नागपूर बोलत होतं. बेडकांचीही जागा तीच होती हो, सखल, ओलसर, कुणाच्या कामाची नाही म्हणून आधी बुजवलेली.

रिंगरोडनं भंडारा रोडला लागलो. माथनीजवळ कन्हान ओलांडली आणि पुढं धानाचा पट्टा सुरू झाला, पेंचच्या कालव्याचं पाणी इकडं येतं. गाडीच्या काचा खाली केल्या आणि आम्ही दोघंही बोलायचे थांबलो.

मामांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, नुकतेच पऱ्हे (धानाची रोपं) टाकलेले, धुऱ्यापर्यंत म्हणजे बांधापर्यंत पाणी भरलेलं. नखाएवढा मायक्रोहायला जातीचा बेडूक, पण आवाज असा की कंगव्याच्या दातांवरून कुणी बोट फिरवतंय. धुऱ्यावरच्या झुडपात पाण्यावर लोंबणारा पांढरा फेसाचा गोळा दिसला, ते झाडावरच्या बेडकाचं घरटं, त्यातून पिल्लं थेंबासारखी खाली पाण्यात पडतात. आणि बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्याच्या, काठाला बुलफ्रॉग! विणीच्या काळात नर हळदीसारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे, टॉर्च मारला की डोळ्यावर विश्वास बसत नाही. याच बेडकांच्या तंगड्या एकेकाळी टनांनी परदेशी जायच्या, १९८७ मधे निर्यात बंद झाली.

मला एवढा आनंद झालेला बघून मामा म्हणाले, "पोरी, हे काहीच नाही. बाजूची बोडी बुजवायच्या आधी एवढे बेंडकं ओरडायचे का रात्रभर झोप लागत नोती."

"काहून बुजवली मामा?"

"प्लॉट पडून राह्यले ना तिथं."

धानाच्या बांधीला पाणी द्यायला अशा छोट्या बोड्या पूर्व विदर्भात गावोगाव आहेत. उन्हाळ्यात आटतात म्हणून त्यात मोठे मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून बेडकाची पिल्लं वाचतात, महिना-दीड महिन्यात शेपटी गळून बाहेर पडतात. तीच बोडी खोल करून बारमाही केली, ठेक्यानं मासे सोडले, की पाणी दिसायला जास्त पण पिल्लं मात्र माशांच्या पोटात.

आणि कायदा बघावा तर २०१७ च्या पाणथळ नियमांमधे पाणथळ जागेच्या व्याख्येतून भातशेती बाहेर, खास सिंचनासाठी बांधलेली तळी-बोड्याही बाहेर. म्हणजे या रात्री मला जिथं सगळ्यात जास्त प्रकारचे बेडूक भेटले ती बांधी आणि ती बोडी दोन्ही कागदावर पाणथळ नाहीतच. याचा मला मनापासून राग येतो. फोटोतला मोठा तलाव वाचवायला लोक जमतात, जमायलाच पाहिजे, पण बोडी गेली तर गावाबाहेर कुणाला कळतही नाही. आणि पाऊस लांबला की धोंडी मागायला पोरं बेडूकच शोधत फिरायची, इतका तो आपल्या शेतीतला.

परत निघताना मामांचं शेततळं पाहिलं, चारी बाजूंनी उभा उतार आणि गुळगुळीत प्लास्टिक. आत पडलेले चार-पाच बुलफ्रॉग कडेला उड्या मारून घसरत होते. जाळीनं काढले. मामांना म्हटलं, काठावरून पाण्यापर्यंत जुना बारदाना नाही तर जाड दोर सोडून ठेवा, पकडून चढतील. मामा लगेच गोठ्यातून दोन बारदाने घेऊन आले, खुंटीला बांधले, आणि शेजारच्यालाही सकाळी सांगतो म्हणाले, त्याचंही शेततळं असंच आहे.